एम३५ए२ आठ वर्षं उभा होता: रस्त्यावर आणण्याआधी कामांचा क्रम काय असावा?

रानगाडी

नमस्कार मंडळी. अमेरिकी लष्कराने निकाली काढलेला एम३५ए२ ट्रक ताब्यात आला आहे. सहा बाय सहा, एलडीटी-४६५-१डी मल्टिफ्युएल (अनेक इंधनांवर चालणारं) इंजिन, पाच गिअर, विंच नाही. आधीच्या मालकाकडे तो आठ वर्षं उघड्यावर उभा होता. ब्रेक पेडल थेट फ्लोअरला जातं. बॅटऱ्या काढून नेलेल्या आहेत. दहाही टायर ९.००-२० मापाचे जुने एनडीटी (लष्करी खाचांचे), त्यातले तीन पूर्ण बसले आहेत. टाकीत अर्ध्यापर्यंत डिझेल आहे, वास आंबट येतो. इंजिन ऑइलची पातळी डिपस्टिकच्या ‘फुल’ खुणेच्या बरीच वर दिसते.

माझा बेत असा: आधी दोन बॅटऱ्या बसवून इंजिन चालू करून बघायचं, बसलेल्या टायरात जागेवरच हवा भरायची, आवारातल्या आवारात हँडब्रेकवर थोडं फिरवायचं आणि मग ब्रेकचं काम काढायचं. रेडिओ आणि मोबाइल चार्जरसाठी एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेईन म्हणतो. यात काही चुकतंय का? पहिल्या खेपेला कोणते भाग मागवून ठेवावेत?

सहाचाकी

रानगाडी, बेत थांबवा. क्रम जवळपास पूर्ण उलटा करावा लागेल. टायरबद्दल ग्रीसगन लिहितीलच, पण तोवर त्या तीन बसलेल्या चाकांत हवा अजिबात भरू नका.

आधी ब्रेक. हा ट्रक रिकामा जवळपास ५.९ टन भरतो आणि त्याच्या सर्व्हिस ब्रेकची हायड्रॉलिक बाजू एकाच सर्किटची आहे. ड्रायव्हरच्या पायाखाली एक मास्टर सिलिंडर, तिथून फ्रेमवरचा एअर-पॅक (हवेच्या दाबाने ब्रेकचा जोर वाढवणारा बूस्टर), आणि एअर-पॅकमधून निघणाऱ्या एकाच लाइनवर सहाही चाकांचे सिलिंडर. आजच्या गाड्यांत सर्किट दोन असतात, एक गेलं तरी दुसऱ्यावर गाडी थांबते. इथे एक होज फुटला किंवा एका व्हील सिलिंडरचं रबर गेलं की सगळं ऑइल तिथून निघून जातं आणि सहाही चाकांचा ब्रेक एकाच वेळी जातो. हवा फक्त पायाचा जोर वाढवते. एअर टँकमध्ये १२० पीएसआय असले आणि लाइनीत ऑइल नसलं तर ट्रक थांबणार नाही. उलट ऑइल आहे पण हवा नाही, अशा वेळी पेडल फार जड होतं, तरी ब्रेक लागतो.

हँडब्रेकचा भरवसा धरू नका. तो चाकांवर लागत नाही, ट्रान्स्फर केसच्या (गिअरबॉक्सची ताकद पुढच्या-मागच्या ॲक्सलला वाटणाऱ्या पेटीच्या) मागच्या बाजूच्या ड्रमवर लागतो. म्हणजे तो प्रोपेलर शाफ्ट धरून ठेवतो. शाफ्टचा क्रॉस किंवा हाफ शाफ्ट तुटला तर हँडब्रेक ओढलेला असूनही ट्रक घरंगळतो. उभा ट्रक धरून ठेवणं हेच त्याचं काम. चालत्या ट्रकवर ओढला तर ड्रम तापतो, लाइनर जळतात, आणि शेजारच्या ऑइल सीलमधून तेल झिरपत असेल तर धूर निघायला वेळ लागत नाही. काम करताना चाकांना दोन्ही बाजूंनी लाकडी ठोकळे लावाच.

आता प्रत्यक्ष काम. कॅबच्या फ्लोअरमधली छोटी झाकणपट्टी उघडली की मास्टर सिलिंडरचा भरण्याचा प्लग दिसतो. आजूबाजूची माती आधी ब्रशने आणि हवेने साफ करा, नाहीतर प्लग काढताच ती आत पडते. आत कोणतं ऑइल आहे ते ओळखा. अमेरिकी लष्कराने १९८० च्या दशकात आपल्या गाड्या डॉट ५ म्हणजे सिलिकॉन ब्रेक ऑइलवर नेल्या. नवं असताना ते जांभळट दिसतं, जुनं झाल्यावर रंग उडतो, त्यामुळे रंगावर निकाल लावू नका. काचेच्या ग्लासात पाणी घेऊन त्यात ऑइलचे थोडे थेंब टाका आणि ढवळा. ग्लायकॉल जातीचं (डॉट ३, डॉट ४) पाण्यात मिसळून जातं, सिलिकॉन वेगळंच राहतं. डॉट ५.१ हे नाव फसवं आहे, ते ग्लायकॉलच आहे. दोन्ही जाती एकत्र झाल्या तर लाइनीत गाळ धरतो आणि पिस्टन अडकतात.

सहाही व्हील सिलिंडर उघडा. ‘एकच गळतोय, तोच बदलू’ असं करू नका. सिलिकॉन पाणी शोषत नाही, म्हणून आत शिरलेलं पाणी खालच्या भागात थेंब होऊन साचतं आणि तिथेच लोखंडाला खड्डे पाडतं. सिलिंडर बाहेरून कोरडा दिसला तरी आत तळाला गंज असू शकतो. हलका डाग होनिंगने (आतून बारीक घासून) निघतो. नखाला खड्डा लागला तर सिलिंडर बदला, कारण नवं रबर त्या खड्ड्यावरून घासून महिन्याभरात गळायला लागेल.

ड्रम काढायला हाफ शाफ्ट, स्पिंडलचे दोन नट आणि मधलं लॉक वॉशर काढून अख्खा हब बाहेर घ्यावा लागतो. स्पिंडल नटाचा खास मोठा बॉक्स पाना आधी मिळवा. छिन्नी-हातोड्याने नट फिरवला तर त्याचे कोपरे जातातच, शिवाय बेअरिंग किती आवळलं याचा अंदाज राहत नाही. हब उघडलाच आहे तर बेअरिंग धुऊन, बघून, नव्या ग्रीसने भरा आणि सील नवीनच घाला. बसवताना हब हाताने फिरवत आतला नट आवळत न्या, बेअरिंग बसलं की थोडा सैल करा, लॉक वॉशर आणि बाहेरचा नट आवळून पुन्हा तपासा. बाहेरचा नट आवळताना आतला हमखास थोडा सरकतो.

पहिल्या खेपेला मागवा: सहा व्हील सिलिंडर किंवा त्यांचे किट, मास्टर सिलिंडर, सगळे रबरी ब्रेक होज, सहाही हबचे आतले-बाहेरचे सील, लॉक वॉशर, आणि चार लिटर डॉट ५. होज बाहेरून चांगला दिसला तरी बदला. जुना होज आतून फुगतो, ब्रेक लागतो पण पाय काढल्यावर ऑइल परत येत नाही, आणि चाक जाम होऊन तापतं.

ब्रेकच्या लाइनीतली हवा काढताना पहिला नंबर एअर-पॅकचा, मग सगळ्यात मागचा ॲक्सल, मग मधला, शेवटी पुढची चाकं. प्रेशर ब्लीडर असेल तर काम सोपं होतं, कारण मास्टर सिलिंडरची साठवण लहान आहे आणि हाताने पेडल मारताना ती पटकन रिकामी होऊन पुन्हा हवा ओढते. सिलिकॉन ओतताना जोरात हलवू नका. त्यात बारीक बुडबुडे धरतात, ते लवकर निघत नाहीत आणि पेडल स्पंजासारखं राहतं. असं झालं तर रात्रभर तसंच सोडून दुसऱ्या दिवशी पुन्हा काढा.

ग्रीसगन

बसलेल्या टायरांबद्दल सहाचाकींनी लिहिलंच आहे, तरी वेगळं लिहितो, कारण या ट्रकवर माणूस मरण्याचा सगळ्यात सोपा मार्ग हाच आहे.

या रिमला बाजूची रिंग वेगळी असते आणि आतल्या हवेच्या दाबानेच ती जागेवर घट्ट राहते. टायर पूर्ण बसला की रिंग खाचेतून थोडी सरकते, खाचेत गंज आणि माती भरते. वरून हवा भरली की दाब वाढत जातो आणि अर्धवट बसलेली रिंग एका क्षणात सुटते. समोर डोकं असेल तर माणूस वाचत नाही. नियम साधा: ठरलेल्या दाबाच्या ८० टक्के किंवा त्याहून कमी दाबावर चाललेला किंवा पूर्ण बसलेला टायर गाडीवर असताना फुगवायचा नाही. चाक काढायचं, टायर उतरवायचा, रिम आणि रिंग तारेच्या ब्रशने धातू दिसेपर्यंत साफ करून तडे, वाक आणि गंज बघायचा, मग पुन्हा चढवून लोखंडी पिंजऱ्यातच हवा भरायची. क्लिपने अडकणारा चक, लांब पाइप, मध्ये व्हॉल्व्ह आणि गेज. आपण पिंजऱ्याच्या बाजूला, रिंगच्या रेषेबाहेर उभं राहायचं. रिमला साखळी गुंडाळणं किंवा चाक ट्रकखाली सरकवून हवा भरणं म्हणजे पिंजरा नव्हे. वाकलेली रिंग ठोकून सरळ करून वापरू नका, वेल्डिंग तर अजिबात नको. एका जातीची रिंग दुसऱ्या जातीच्या रिमवर बसल्यासारखी वाटते, पण ती बसलेली नसते.

चाकाचे नट सोडण्याआधी व्हॉल्व्हची पिन काढून हवा पूर्ण जाऊ द्या. मागच्या जोडचाकात बाहेरच्याची आणि आतल्याची, दोन्हींची. तडा गेलेलं रिम कधीकधी फक्त नटांच्या दाबाने एकत्र राहिलेलं असतं.

डाव्या बाजूच्या चाकांचे आटे उलटे आहेत. ते न कळल्यामुळे लोक चार फुटी पाइप लावून स्टड तोडतात. मागच्या जोडचाकात बाहेरच्या चाकाचा नट हा आतल्या चाकाच्या टोपीनटावर बसतो. त्यामुळे नुसता बाहेरचा आवळून आतलं चाक घट्ट होत नाही. आवळताना बाहेरचा सैल करायचा, आतला टोपीनट आवळायचा, पुन्हा बाहेरचा आवळायचा, आणि हे एकेका स्टडवर, समोरासमोर जात. किती जोराने आवळायचं (टॉर्क) तो आकडा मॅन्युअलमधून घ्या. चाक बसवल्यावर थोडं चालवून पुन्हा आवळणं चुकवू नका.

टायरची तारीख बघा. साइडवॉलवरच्या डॉट कोडच्या (ब्रेक ऑइलच्या डॉटशी याचा संबंध नाही) शेवटी चार आकडे असतील तर पहिले दोन आठवडा आणि पुढचे दोन वर्ष. तीनच आकडे असतील तर टायर २००० सालाआधीचा. खाचा भरपूर खोल असल्या तरी इतकं जुनं रबर कडक झालेलं असतं, ओल्या रस्त्यावर पकड सोडतं आणि वेगात थर सुटतात. ट्यूब आणि फ्लॅपही सोबत बदला. जुना फ्लॅप ट्यूबला घासून भोक पाडतो.

रानगाडी

दोघांचे आभार, बेत मोडला. पाण्यातली चाचणी घेतली: ऑइल वेगळं राहिलं, म्हणजे सिलिकॉन. टायरांवर तीनच आकडे आहेत, सगळे जातील. इंजिन ऑइल जास्त का असेल यावर कोणी सांगेल का? आणि सिलिकॉनच ठेवावं की बदलावं?

खडीवाट

ब्रेक ऑइलबद्दल माझं मत वेगळं आहे. सगळंच नवं करताय तर डॉट ३ किंवा ४ भरा. कुठेही मिळतं, हवा लवकर निघते, पेडल कडक लागतं. दर दोन वर्षांनी बदललं की गंजाचा प्रश्न राहत नाही.

सहाचाकी

खडीवाट, रोज चालणाऱ्या ट्रकला तुमचं बरोबर आहे. पण असे ट्रक वर्षातले बरेच महिने उभेच असतात आणि दोन वर्षांचा नियम पाळणारे थोडे. हवेतली ओल ग्लायकॉल शोषत राहतं आणि उभ्या गाडीत तीच सिलिंडर खाते. शिवाय बदल करायचा म्हणजे लाइनी स्पिरिटने धुवायच्या, एअर-पॅक उघडायचा, एकही जुनं रबर ठेवायचं नाही. एअर-पॅक न उघडता बदललं तर आत उरलेलं सिलिकॉन नव्यात मिसळतं, आणि ते दोन्हींपेक्षा वाईट. रानगाडी, सिलिकॉनच ठेवा आणि मास्टर सिलिंडरजवळ रंगाने ‘फक्त डॉट ५’ असं लिहून टाका. पुढे कोणी मदत म्हणून दुसरं ओततं आणि सगळं काम वाया जातं.

नोझल

इंजिन ऑइल ‘फुल’च्या वर असणं हे वाईट लक्षण आहे. आत एकतर डिझेल उतरलंय किंवा पाणी. डिपस्टिकचा थेंब बोटांत घासा आणि वास घ्या. पातळ आणि डिझेलचा वास असेल तर इंजेक्शन पंपाकडून गळती आहे. दुधी रंग असेल तर पाणी. सेल्फला हातही न लावता तळाचा प्लग थोडाच सैल करा. पाणी असेल तर ते आधी येतं, कारण ते तळाला बसतं.

डिझेल मिसळलेल्या ऑइलवर हे इंजिन चालू करण्यात दोन धोके आहेत. बेअरिंगला पुरेशी फिल्म मिळत नाही, हा पहिला. दुसरा मोठा: पातळी इतकी वाढली की ऑइलचे फवारे ब्रीदर (इंजिनातली हवा बाहेर सोडणारी नळी) आणि टर्बोच्या वाटेने हवेच्या मार्गात जातात आणि इंजिन तेच जाळून पळत सुटतं. त्या वेळी पंपाचं डिझेल बंद करूनही ते थांबत नाही. हवा तोडणं हाच उपाय. म्हणून पहिल्या स्टार्टला टर्बोच्या तोंडाचा हवेचा पाइप काढून ठेवा आणि ते तोंड पूर्ण झाकेल अशी जाड प्लायवूडची किंवा लोखंडी पट्टी घेऊन एक माणूस शेजारी उभा करा. हाताने किंवा कापडाने झाकायला जाऊ नये. टर्बो कापड आत ओढतो आणि हाताचं काय होईल ते सांगायला नको. ‘इंजिन स्टॉप’चा दांडा ओढल्यावर पंपावरची लिव्हर खरोखर शेवटपर्यंत सरकते का, हे आधी डोळ्यांनी बघा. केबल गंजून अडकलेली सापडते.

डिझेल आत कुठून आलं याचा शोध पंपापाशी घ्या. या पंपावर फ्युएल डेन्सिटी कॉम्पेन्सेटर आहे. वेगवेगळ्या इंधनांच्या घनतेप्रमाणे तो मात्रा बदलतो. त्यातली रबरं जुनी झाली की गळतात, आणि एकच इंधन वापरणारे बहुतेक मालक तो बायपास करतात. दुसरी जागा पंपाचं हायड्रॉलिक हेड. एकच प्लंजर फिरत फिरत सहाही नोझलला डिझेल वाटतो आणि डिझेलनेच त्याला वंगण मिळतं. आठ वर्षं आंबलेलं डिझेल आत राहिलं तर तो चिकटतो. चिकटलेल्या प्लंजरवर सेल्फ मारत राहिलं की खालचं बटण किंवा ड्राइव्ह तुटतो. लक्षण ठरलेलं: पंपाच्या तोंडाशी डिझेल भरपूर, पण सहांपैकी एकाही नोझल पाइपला थेंब नाही.

म्हणून क्रम असा ठेवा. टाकी पूर्ण रिकामी करा, ती जवळपास १९० लिटरची आहे, तेव्हा भांडी आधी जमवा. टाकी उघडली की आतला इलेक्ट्रिक पंप बाहेर काढून जाळी धुवा. गाळ आणि बुरशी दिसली तर टाकी उतरवून धुतल्याशिवाय पुढे जाऊ नका, नाहीतर डिझेलचे तिन्ही फिल्टर पहिल्याच तासाला भरतील. तिन्ही फिल्टर बदला, त्यांच्या डब्यांच्या रबरी रिंगा बदला. हवा इथूनच ओढली जाते. इंजिन ऑइल आणि दोन्ही फिल्टर बदला. फिल्टर धरून जवळपास २१ लिटर १५डब्ल्यू-४० लागेल. ब्रेकचं काम होईपर्यंत इंजिनला हात लावायची घाई नाही.

स्टार्टच्या दिवशी आधी क्रँकशाफ्टच्या पुढच्या नटाला पाना लावून इंजिन हाताने दोन पूर्ण फेरे फिरवा. अडलं तर थांबा. सहज फिरलं तर स्टॉप ओढलेला ठेवून सेल्फ मारा, एका वेळी १५ सेकंदांच्या वर नाही, मध्ये सेल्फ थंड होऊ द्या. गेजवर ऑइल प्रेशर दिसलं की मगच स्टॉप आत ढकला. ईथरचा स्प्रे वापरू नका. या इंजिनाच्या मॅनिफोल्डमध्ये ज्वाळेचा हीटर आहे, ईथर आणि ज्वाळा एकत्र आल्या तर मॅनिफोल्ड फुटतो.

चालू झालं की बझर वाजत राहील. बिघाड नाही, एअर प्रेशर ६० पीएसआयच्या वर जाईपर्यंत तो वाजलाच पाहिजे. न वाजला तर मात्र बघा.

मल्टिफ्युएल या नावावरून लोक यात काहीही ओततात. केरोसीन, जेट इंधन, गरज पडल्यास पेट्रोल यावरही चालावं म्हणून ते बनवलंय, पण पातळ इंधनाने हायड्रॉलिक हेडला वंगण कमी मिळतं. जुनं इंजिन ऑइल न गाळता, पाणी न काढता ओतणं तर सरळ नुकसान. डिझेलच वापरा. बंद करण्याआधी तीन ते पाच मिनिटं आयडलवर ठेवा, नाहीतर टर्बोच्या तापलेल्या शाफ्टवर उरलेलं ऑइल जळून कार्बन धरतं.

चोवीस व्होल्ट

एका बॅटरीवरून १२ व्होल्ट घेऊ नका, आणि का ते समजून घ्या. दोन १२ व्होल्टच्या बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या आहेत आणि रेग्युलेटर फक्त एकूण व्होल्टेज बघतो, साधारण २८. खालच्या बॅटरीवर रेडिओ लावला की ती कमी भरलेली राहते. समजा ती १२.८ वर आहे. एकूण २८ करायचे म्हणून वरच्या बॅटरीवर १५.२ येतात. वरची उकळून कोरडी पडते, खालचीवर सल्फेट धरतं, आणि सहा महिन्यांत दोन्ही जातात. २४ ते १२ व्होल्टचा कन्व्हर्टर दोन्ही बॅटऱ्यांच्या टोकांवर जोडा, किंवा बॅटरी इक्वलायझर लावा. बॅटऱ्या एकाच कंपनीच्या, एकाच क्षमतेच्या, एकाच वेळी घेतलेल्या हव्यात. उभ्या अवस्थेत एकूण २५.२ ते २५.६ म्हणजे भरलेल्या. प्रत्येकीचं वेगळं मोजा, अर्धा व्होल्ट फरक दिसला तर एक जात आहे.

जोडताना निगेटिव्ह अर्थ. उलटी जोडली तर रेग्युलेटर गेलाच. जाड काळ्या केबलचं फ्रेमकडचं टोक काढून धातू चमकेपर्यंत घासा. सेल्फ मंद फिरण्याचं कारण बहुतेक वेळा बॅटरीत नसून इथे असतं. इंजिन चालू असताना बॅटरी तोडू नका.

रस्त्यावर पहिल्यांदा जाणारे ज्यात फसतात ती गोष्ट तीन दांड्यांच्या लाइट स्विचची. मुख्य दांडा ‘ऑफ’वर असेल तर ब्रेक दाबूनही मागचा लाल दिवा लागत नाही. लष्करी गाडी अंधारात दिसू नये म्हणून ते तसं केलंय. दिवसा चालवताना दांडा ‘स्टॉप लाइट’वर, रात्री ‘सर्व्हिस ड्राइव्ह’वर. ‘बी.ओ.’ म्हणजे ब्लॅकआउटच्या दोन्ही जागा रस्त्यासाठी नाहीत. मागून कोणीतरी धडकल्यावर वायरिंगमध्ये दोष शोधत बसण्यापेक्षा आधीच दुसऱ्या माणसाला मागे उभं करून प्रत्येक जागेवर तपासा. साइड सिग्नलही तेव्हाच बघा.

वायरिंगला घाबरू नका. प्रत्येक वायरच्या टोकाला क्रमांकाची पट्टी आहे आणि तो क्रमांक ट्रकभर तोच राहतो: २८ म्हणजे डिझेल गेज, ३६ ऑइल प्रेशर. पट्टी काढून फेकू नका. फ्यूज शोधू नका. आपोआप पुन्हा जोडले जाणारे ब्रेकर आहेत, त्यामुळे कुठे शॉर्ट असेल तर दिवे ठरावीक वेळाने लागतात-विझतात. तेच लक्षण.

या ट्रकला किल्ली नसते. कोणीही बसून चालू करू शकतो. बॅटरीला कुलूपबंद कटऑफ लावा.

रानगाडी

मोलाची माहिती. इंजिन ऑइलला डिझेलचाच वास आहे. सगळं रिकामं केलं, टाकीत बुरशी निघाली, उतरवतो. कागदपत्रांबद्दल एक प्रश्न: फक्त एसएफ-९७ मिळाला आहे. पुरेसा आहे का? आणि टायर बदलताना मागचे आठच आत्ता घेतले आणि पुढचे नंतर, तर चालेल का?

खडीवाट

एसएफ-९७ म्हणजे अमेरिकी सरकारने ‘यावरून मालकीचा दाखला काढा’ म्हणून दिलेला कागद, नोंदणी नव्हे. त्यावरचा सीरियल नंबर डॅशबोर्डच्या पाटीवरच्या आणि फ्रेमवर कोरलेल्या नंबरशी अंक न् अंक जुळतो का ते आधी बघा. डागडुजीत पाटी बदललेली असू शकते. कागदावर ‘फक्त रस्त्याबाहेरच्या वापरासाठी’ असा शेरा आहे का तेही वाचा. असेल तर पैसे टायरांवर घालण्याआधी तुमच्या नोंदणी कार्यालयात विचारा.

ग्रीसगन

आठ आत्ता आणि दोन नंतर, हे टाळा. मागच्या दोन ॲक्सलच्या मध्ये डिफरन्शिअल नाही. दोन्ही एकाच वेगाने फिरतात, त्यामुळे घेर वेगळा असेल तर फरक शाफ्टमध्ये पिळ म्हणून साठतो. टायर झिजतात, क्रॉस आणि गिअर तापतात. जोडचाकातल्या दोन टायरांच्या व्यासात ६ मिलिमीटरहून जास्त फरक नको. पुढचा ॲक्सल स्प्रॅग (आपोआप पकडणारा क्लच) जातीच्या ट्रान्स्फर केसवर असेल तर मागची चाकं थोडी घसरली की तो आपोआप लागतो. पुढचे टायर लहान-मोठे असले की तो डांबरी रस्त्यावरही लागू शकतो. दहाही एकदम, एकाच मापाचे.

स्प्रॅग आहे का हवेने लागणारा आहे, ते केसवरच्या पाटीवर कळेल: टी-१३६-२१ म्हणजे स्प्रॅग, टी-१३६-२७ म्हणजे हवेचा. स्प्रॅगवाल्यात रिव्हर्सची जोडणी बरोबर लावलेली हवी. नसेल तर मागे घेताना पुढचा ॲक्सल उलट ओढतो, ट्रक अडतो, आणि जोर केला तर केस फुटते.

सहाचाकी

ब्रेक पूर्ण झाल्यावर एक गोष्ट लक्षात ठेवा. काही दिवसांनी मास्टर सिलिंडरची पातळी उतरली, पण चाकांपाशी किंवा लाइनीवर कुठेच ओल नाही, तर ऑइल एअर-पॅकच्या आतल्या सीलमधून हवेच्या बाजूला जातंय. एअर-पॅकचा हवा सोडण्याचा पाइप काढून आत बोट फिरवा, बोटाला ऑइल लागलं की एअर-पॅक उतरवायचा. नुसतं वरून भरत राहिलात तर एक दिवस पेडल जाईल. आणि पाय काढल्यावर ब्रेक सुटत नसेल तर चाकं उघडण्याआधी मास्टर सिलिंडरची व्हेंट लाइन बघा. खोल पाण्यातून जाता यावं म्हणून ती वर नेलेली आहे, चिखलाने किंवा कीटकांच्या घरट्याने बुजते.

ॲक्सलचे ब्रीदरही (आतला दाब सोडणाऱ्या टोप्या) उघडून हाताने फिरवून बघा. बुजलेला असेल तर गरम झालेल्या हाउसिंगमधला दाब गिअर ऑइल हबच्या सीलमधून बाहेर ढकलतो आणि ते थेट तुम्ही नव्याने बसवलेल्या ब्रेक शूवर येतं. ऑइल लागलेला लाइनर धुऊन चालत नाही, बदलावा लागतो.

टो करायची वेळ आली तर मागचे प्रोपेलर शाफ्ट सोडूनच करा. इंजिन बंद असताना चाकं गिअरबॉक्सचा शाफ्ट फिरवतात, खालचे गिअर मात्र स्थिर असतात, त्यामुळे वर ऑइल उडत नाही आणि बुश जळतात.

पहिली फेरी सपाट, मोकळ्या जागेत घ्या. निघण्याआधी एअर टँकचे नळ उघडून पाणी सोडा, नळ बंद करून हवा पुन्हा पूर्ण भरू द्या. २० किमी वेगाच्या आत चार-पाचदा ब्रेक मारून बघा. मग दोन-तीन किलोमीटर जाऊन थांबा आणि सहाही हबवर हाताची पाठ धरा. पाचांपेक्षा एक जास्त गरम असेल तर त्याचा शू घट्ट आहे किंवा बेअरिंग जास्त आवळलं गेलंय. जॅकवर उचलून चाक हाताने फिरवा: घासल्याचा आवाज आला तर शू, आवाज नाही पण चाक जड फिरतंय तर बेअरिंग. सगळे सारखेच कोमट असतील तर चाकांचे नट पुन्हा आवळा आणि मगच पुढचा टप्पा घ्या.